तातू मेस्त्री आणि गाभाऱ्यातली फाईल

प्रवेशाची मुदत त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपत होती. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तातू मेस्त्री ग्रामदेवतेच्या गाभाऱ्याचा उंबरठा ओलांडून आत गेले, देवापुढे ठेवलेली निळी प्लास्टिकची फाईल त्यांनी उचलली आणि ते देवळाच्या पायऱ्या उतरले. त्यानंतर ते त्या पायऱ्या कधी चढले नाहीत.

फाईल त्यांच्या नातीची, सायलीची होती. तिच्यात गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत जागा मिळाल्याची दोन पत्रं होती. एक महाविद्यालय आयुर्वेदाचं, आमच्या गावापासून तासाभरावर. दुसरं फिजिओथेरपीचं, घाटावर, कोल्हापूरकडे. दोन्हींची नावं इथे द्यायची गरज नाही. गावाचंही नाव देत नाही. ते कसालपासून सात किलोमीटर आत आहे, एवढं पुरे.

देवळात त्या वेळी चाळीसेक माणसं होती. मी त्यांतला एक. तातूंनी नारळ लाथाडला, गुरवाला ढकललं, असं नंतर सांगण्यात आलं. यातलं काही घडलेलं नाही.

तातू सुतार होते. बुटके, रुंद पाठीचे, दोन्ही अंगठे इतरांच्या दीडपट. घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, त्यांचं काम चाले आणि पडवीत दुसरं काम, हाडं बसवण्याचं. ते त्यांना आईकडून आलं होतं. मोडलेल्या हाडाभोवती बांधायच्या कांबी ते स्वतः करत. चिव्याची, म्हणजे आमच्याकडच्या भरीव बांबूची काठी चिरायची, पटाशीने तासायची, काचेच्या तुकड्याने घासायची, आणि शेवटी अंगठ्याच्या नखाने कड तपासायची. नख अडलं तर कांब चुलीत. हात लावल्याबद्दल ते काही घेत नसत. नारळ आणलात तर ठेवा, नाही आणलात तर निघा.

त्यांच्याकडे भूल नव्हती. त्याऐवजी ते माणसाला राग आणत. एकदा हायस्कूलचे एक मास्तर खांदा निखळून आले. तातूंनी त्यांचा हात हातात घेतला, पावसाची चौकशी केली, मग अगदी साध्या आवाजात विचारलं,

"मास्तरानू, तुमच्या वर्गातली पोरां खाजगी शिकवणेक भायर कित्याक जातत? तुमका शिकवूक येणा नाय म्हणान?"

"कोण म्हणालं हे तुम्हाला?" मास्तर म्हणाले, आणि वाक्य संपायच्या आत खांदा जाग्यावर गेला.

"कोण नाय म्हणाला. बसलो बगा."

माझं मनगट बसवताना त्यांनी मी ज्याचा वार्ताहर आहे त्या वर्तमानपत्राचा आधार घेतला. "परवा छापलंस, कसालात दोन येळा पाणी येता. खंय येता? तुझ्या डोळ्यात?" बातमी बरोबर होती. ती कुठून मिळाली हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मनगटात कट्ट झालं.

या पद्धतीबद्दल मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "राग इलो काय माणूस दुखना इसारता. ध्यान हाडात रवणा नाय, तोंडात जाता." बायकांना ते सासूवरून बोलत, ड्रायव्हरना त्यांच्या ड्रायव्हिंगवरून, आणि सरकारी नोकरांना नुसतं "कामार होतंस काय रे तेवा?" एवढं विचारत. शिव्या खाऊन माणसं नारळ ठेवून जात. गावात हे कौतुकाने सांगितलं जाई.

बाळू राऊळचा हात मोडला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. शेजारच्या बागेत आंबे उतरवताना फांदी तुटली. उजव्या हाताची, कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. बाळूची आई आधी देवळात गेली. आमच्याकडे कुठलीही मोठी गोष्ट देवाला विचारून होते. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, बदली घ्यायची की नाही. भिकाजी गावकर, गावाचे मुख्य मानकरी, देवापुढे गाऱ्हाणं घालतात, गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या अंगाला चिकटवतो, आणि सगळे वाट बघतात. उजव्या बाजूची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या बाजूची पडली तर नकार. तातूंकडून हात बांधून घ्यायचा का, असं विचारलं गेलं. उजवा कौल पडला.

तातूंनी हाडं बसवली, आठ कांबी लावल्या, कापडी पट्टीने हात बांधला. दुसऱ्या दिवशी बाळू आला. दुखतंय म्हणाला. तातूंनी त्याला परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याला दोघांनी धरून आणलं तेव्हा पट्टीच्या बाहेरची बोटं काळी पडली होती. सायली तेव्हा बारा वर्षांची होती आणि पट्टी सोडली जाताना पडवीत उभी होती. त्याच दिवशी बाळूला गोव्याला नेलं. हात कोपराखाली कापावा लागला.

तक्रार कुणी केली नाही. गावाची बैठक झाली नाही. देवानेच उजवा दिला होता, मग तातू काय करणार, असं भिकाजी म्हणाले आणि सगळ्यांना ते पटलं. मीही बातमी दिली नाही. तातू माझ्या गावचे होते आणि माझं मनगट त्यांनी बसवलं होतं. ही दोन्ही कारणं मी तेव्हा स्वतःलाही सांगितली नव्हती.

राग होता तो एकट्या तातूंना. बाळूची आई त्यांच्या दारात येऊन म्हणाली, "तुमी मनाक लावन घेव नकात. देवान दिल्यान, देवान नेल्यान."

"देवान नाय गे," तातू म्हणाले. "मियां नेलंय." ती घाबरून निघून गेली. असं बोलू नये, असं तिने नंतर शेजारणींना सांगितलं.

त्या दिवसापासून त्यांनी मोडलेलं हाड बांधलं नाही. निखळलेला सांधा असेल तर हात लावत, बाकी कुणालाही फाटकातच उभं करत. "फोटो काडलंस?" फोटो म्हणजे एक्स-रे. "नाय काडलंस? मगे हय काय तुझो बापूस बसलो हा? ओरोसाक हॉस्पिटलात जा." तुटलेल्या हाडाची माणसं रिक्षातून कण्हत यायची आणि शिव्या खाऊन परत जायची. या शिव्या वेगळ्या होत्या. त्यांच्यानंतर हाड बसत नव्हतं. उरलेल्या कांबींची मोळी त्यांनी पडवीच्या वाशाला टांगून ठेवली, डोळ्यासमोर. तिला धूळ बसू दिली नाही आणि तिच्यातली एकही कांब वापरली नाही.

बाळूने कसालला हायवेच्या कडेला चहाचं दुकान टाकलं. डाव्या हाताने चहा गाळायला तो शिकला. तातू दर शनिवारी साडेनऊच्या एसटीने कसालला जात, त्याच्या बाकावर बसून एक चहा घेत. निघताना म्हणत, "बाळू, बोल रे माका काय तरी."

"काय बोलू? साखर कमी पडली काय?"

"तसा नाय. शिवी घाल एकदा."

"तुमचा आपला काय तरीच, तातू."

मी कचेरीत जाताना त्याच बाकावर थांबतो, त्यामुळे हा संवाद मी अनेकदा ऐकला आहे. त्यात कधी एका शब्दाचाही फरक पडला नाही.

तातूंचा मुलगा, सायलीचा बाप वसंत ओरोसला सरकारी कचेरीत कारकून आहे आणि तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहतो. सायली शाळेसाठी म्हणून आजोबांकडे राहिली ती बारावीपर्यंत. दोन पत्रं आली तेव्हा वसंतचं ठरलेलं होतं. त्याने ते मला स्पष्ट सांगितलं, आणि त्यात मला काही लबाडी दिसली नाही. आयुर्वेद केलं की नावामागे डॉक्टर लागतं. मुलगी दर शनिवारी घरी येते. पुढे कसालला हायवेवर एक गाळा घ्यायचा आणि बोर्ड लावायचा. "बाबांचं नाव अजून चालतं. रोज दहा माणसं परत जातात फाटकावरून. नाव बाबांचं, डिग्री सायलीची. सगळं कायदेशीर." फिजिओथेरपीबद्दल त्याचं म्हणणं होतं की गावात तिला मालिशवाली म्हणतील.

तातूंचंही सुरुवातीला तेच मत होतं. मी त्यांच्याकडे स्टुलाचा पाय बसवून घ्यायला गेलो होतो, तेव्हाचं बोलणं.

"फिजो... काय ता?"

"फिजिओथेरपी, आजोबा."

"म्हंजे मालिश. साडेचार वर्सां मालिश शिकतलंस?"

"मालिश नाय. ऑपरेशन झाला, हाड बसला, की माणसाक परत उठवचा. सांधो किती हलता, नस खंय दाबली गेली हा, ता बगूचा."

तातू सामत्याने स्टुलाच्या पायाला भोक पाडत होते. ते न थांबता म्हणाले, "बांधल्यावर बोटां बगूक शिकवतत?"

"ता पयला शिकवतत. रंग बगूचो, ऊब बगूची. नख दाबून सोडूचा, परत लाल होता काय बगूचा."

सामता थांबला. "आणि आयुर्वेदात नाय शिकवणत?"

"थयसर पण शिकवतत." सायली म्हणाली. "पण थय गेलंय तर बाबा बोर्ड लावतले."

"लावंदे."

"बोर्डार नाव तुमचा. लोक येतले ते तुमच्याकडे. मी पुढे बसान कागद लिवतलंय, आणि मागे बांधूक तुमी."

तातूंनी स्टूल उलटं केलं, पाय हलवून पाहिला आणि माझ्यापुढे ठेवलं. "जा तू," ते मला म्हणाले. मी गेलो.

घरात दोन मतं झाली तर देवाला विचारायचं, हा रिवाज आहे. वसंतने कौल घ्यायचं ठरवलं आणि सायलीनेही मान डोलावली. नकार द्यायची तिची छाती झाली नाही, असं ती आज सांगते. पण गुरवाच्या घरात सुतक होतं. सुतक फिटेपर्यंत कौल नाही. ते ज्या दिवशी फिटलं तो प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. दोन्ही महाविद्यालयांत साडेपाचपर्यंत मूळ कागद घेऊन हजर राहायचं होतं. वसंतने फाईल आदल्या संध्याकाळीच गुरवाच्या हातात दिली. त्याने ती सकाळी पूजा झाल्यावर देवापुढे ठेवली आणि वर पिंजर, म्हणजे कुंकू, वाहिलं.

भिकाजींनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा..." मागून सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत गेले. प्रश्न आधी आयुर्वेदाचा विचारला गेला. तीन मिनिटांच्या आत उजव्या खांद्यावरची पाकळी पडली.

"झाला," भिकाजी म्हणाले. "देवान सांगल्यान."

वसंतने हात जोडले. सायली बायकांच्या मागे खांबाला टेकून उभी होती. ती रडत नव्हती. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

तातू सभामंडपात बसले होते. बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं, "भिकाजी, बाळूच्या हाताक कौल खंयचो पडललो?"

भिकाजींनी देवाकडे तोंड फिरवलं.

"मी इचारतंय. उजवो काय डावो?"

"ता येगळा, तातू."

"उजवो. गाऱ्हाणा तूच घातलं होतंस. तेवा देव हयच होतो. तू होतंस. मी होतंय. बाळूची आवस होती." ते उठले. "हात खंय आसा?"

"तातू, देवळात आसंस. सांबाळून बोल."

तातू चालत गाभाऱ्यात गेले. गाभाऱ्यात गुरवाखेरीज कुणी जात नाही. मानकरीसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतात, आणि मेस्त्र्यांनी तर दुसऱ्या खांबाच्या पुढे यायचं नाही, असं ठरलेलं आहे. त्यांनी फाईल उचलली. तिच्यावरचं कुंकू पंच्याने पुसलं.

"बाबा, फाईल ठेवा," वसंत म्हणाला. कचेरीतल्यासारखं, शुद्ध.

"देव खंय जाणा नाय," तातू म्हणाले. "साडेपाच वाजतले."

मग सायलीकडे बघून, "चल गो."

गाडी माझी होती, हे सांगणं आवश्यक आहे. मी त्यांना कणकवलीच्या स्टँडवर सोडलं. साडेबाराची कोल्हापूर गाडी त्यांना मिळाली. पुढचं सायलीने सांगितलेलं आहे. फोंडा घाटात गाडी ट्रकमागे वीस मिनिटं अडकली. तातू पूर्ण प्रवासात एकदाच बोलले, कंडक्टरशी, तेही सीटचा सैल झालेला दांडा दाखवायला. कोल्हापुरातून रिक्षा करून ते महाविद्यालयात पोचले तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती.

प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाईंनी शाळा सोडल्याचा दाखला हातात घेतला आणि त्या थांबल्या. कुंकू फाईलच्या कडेने आत शिरलं होतं.

"हे लाल काय आहे? मूळ दाखल्यावर असं काही चालत नाही."

"देवाचो शिक्को तो," तातू म्हणाले. "तुमचो तेच्या बाजूक मारा."

बाई हसल्या नाहीत. "वडील कुठे आहेत?"

"देवळात."

त्यांनी दाखला दिव्याखाली धरला, नंबर आणि सही वाचता येते का ते पाहिलं, आणि शिक्का मारला. पावतीवर वेळ पाच वाजून आठ मिनिटं अशी आहे. पावती मी पाहिली आहे.

पुढच्या रविवारी गाव बसलं. बाळूच्या हातासाठी जे बसलं नव्हतं, ते गाव. तातूंनी देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करावी, असं ठरलं. निरोप घेऊन भिकाजी स्वतः तातूंच्या खळ्यात आले. सोबत आणखी चौघं होते.

"ठेवतंय," तातू म्हणाले. "पयलो नारळ बाळूच्या हाताचो. गावान ठेवचो. मगे फायलीचो मी ठेवतंय."

"हाताचो आणि गावाचो काय संबंध?"

"फायलीचो काय आसा?"

एक जण म्हणाला, "म्हाताऱ्याक येड लागला."

"लागला असात," तातू म्हणाले. "हात गेलो तेवा कोण एक शबूद बोललो नाय. कागद उचलले तर पाच जण चलान इले. बसा, चाय घेवन जावा."

ते बसले नाहीत. बहिष्कार हा शब्द कुणी वापरला नाही. तो गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्या वर्षापासून लग्नाच्या आमंत्रणाची अक्षत तातूंच्या घरी आली नाही. दारं-खिडक्यांची कामं दुसऱ्या गावच्या सुताराकडे गेली. देवाच्या पालखीच्या दांड्याच्या खुंट्या जत्रेआधी ठोकून देणं हा मेस्त्र्यांचा मान होता. तोही काढला. निखळलेल्या खांद्याची माणसं तेवढी येत राहिली, मागच्या दाराने. तातू त्यांचे खांदे बसवत. भिकाजींची सून गुडघा मुरगळून आली तेव्हा तिला राग यावा म्हणून काय बोलायचं, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

जत्रेला पालखी त्यांच्या घरासमोरून जायची. तातू खळ्यात काम करत राहायचे, मान वर न करता. पहिल्या वर्षी पालखी पुढे गेल्यावर ते म्हणाले, "दांडो करकरता. खुटी कोणी मारल्यान ही?" दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाले. तिसऱ्या वर्षी पालखी देवळाच्या चढावर असताना एक खुंटी निसटली आणि दांडा एका बाजूने खाली आला. कुणाला लागलं नाही. दुसऱ्या सकाळी पालखीजवळ दोन नव्या खुंट्या सापडल्या, घासून गुळगुळीत केलेल्या. त्या कुणी ठेवल्या, याबद्दल गुरव काही सांगत नाही. त्या आजही दांड्यात आहेत.

वसंत दोन वर्षं घरी आला नाही. सायलीच्या कागदांवर जिथे वडिलांची सही लागे तिथे तो करत असे, ओरोसला, उभ्या उभ्या.

चार वर्षांनी सायली शिकाऊ म्हणून एका रुग्णालयात काम करत होती, तेव्हा तातू खळ्यातल्या शेवाळावरून घसरून पडले. खुबा मोडला. शेजाऱ्यांनी उचलायला हात घातले, तेव्हा ते ओरडले, "हात लावू नकात. दार काडा." त्यांनी स्वतः पूर्वी बनवलेलं, न बसवलेलं एक दार भिंतीला टेकून होतं. ते आडवं करून त्यावर त्यांना सरकवायला लावलं. कुणीतरी पलीकडच्या गावच्या हाडवैद्याचं नाव घेतलं. तातूंनी त्याच्याविषयी जे सांगितलं ते छापता येणार नाही. "फोटो काडा आदी," ते म्हणाले. वसंत ओरोसहून गाडी घेऊन आला. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या पायाची बोटं बघायला मागितली.

सायली रजा घेऊन आली आणि तिने त्यांना वॉकरवर उभं केलं. पंधरा दिवस खळ्यात दोघांची भांडणं चालली होती.

"पाय उचला, आजोबा. ओढू नका."

"उचललंय."

"नाय उचललो. परत."

"तुका राग आणूक येणा नाय. शिकवलेला दिसणा नाय कोणी."

"माका तुमच्या रागाची गरज नाय. परत."

ते परत करत.

त्यानंतरच्या एका शनिवारी तातूंनी रिक्षा बोलावली. अपघातानंतर ते पहिल्यांदाच कसालला जात होते, आणि सायलीला बरोबर घेऊन. मी बाकावर होतो. बाळूने वॉकर बाजूला लावला, तातूंना बसवलं, दोन चहा आणले. तातूंनी अर्धा चहा घेतला.

"सांग तेका," ते सायलीला म्हणाले.

"आजोबा, नको."

"पुस्तकात काय लिवलेला आसा ता सांग. माझा नाव घेवन सांग."

सायलीने सांगितलं. ती बाळूकडे बघून बोलली, आवाज चढवला नाही. मोडल्यावर हात सुजतो. आठ कांबी आणि पट्टी घट्ट असेल तर सुजेला जागा राहत नाही. आत दाब वाढतो, रक्त जाणं थांबतं. हात भयंकर दुखू लागतो आणि बोटं हलवली तर जीव जातो. तेव्हाच पट्टी सोडून रुग्णालयात न्यावं लागतं. आधीच्या दुखण्यात आणि या दुखण्यात फरक असतो, तो बांधणाऱ्याला कळायला हवा.

बाळू ग्लास पुसत होता. काउंटरला छातीने ग्लास दाबून, डाव्या हाताने. तो थांबला.

"दुसऱ्या दिवसाक मी इल्लंय," तो म्हणाला. "तेवा सोडल्यानी असती तर?"

सायलीने तातूंकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"बहुतेक रवलो असतो हात," ती म्हणाली.

बाळूने ग्लास खाली ठेवला. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्याकडे त्याने लक्ष दिलं नाही.

"तातू," तो म्हणाला. "मियां सांगललंय तुका. दुखता, झोप नाय, म्हणान. तुया काय म्हटलंस याद आसा?"

तातूंनी त्याच्याकडे मान वळवली.

"म्हटलंस, 'आवशीच्या पदराक जावन रड, हय येव नको.' माझ्या आवशी समोर. माका राग इलो. तिसऱ्या दिवसाक आवस चल म्हणा होती. मी नाय इलंय. दात खावन पडान रवलंय घरात, तुका दाखवूक."

बाळूने तातूंना अरे-तुरे केलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तो पुढे जे बोलला ते दोन-तीन मिनिटं चाललं. त्यात तातू होते, त्यांची आई होती, देव होता, भिकाजी होते, आणि एका वाक्यात मीही होतो. आवाज चढला नाही. डावा हात काउंटरवर आपटत होता.

ते संपल्यावर तातू म्हणाले, "एक चाय दी."

"नाय," बाळू म्हणाला. "उठ हयसून."

"बरा," तातू म्हणाले. त्यांनी दोन्ही हात बाकावर टेकले आणि उठले. सायली वॉकर घेऊन पुढे आली. रिक्षापर्यंतची अकरा पावलं त्यांनी पाय उचलून टाकली.

आठव्या दिवशी, रविवारी पहाटे, तातू मेस्त्री झोपेत गेले. सरणाची लाकडं वसंतने आणि मी लावली. वाशाला टांगलेली कांबींची मोळी सायलीने वर ठेवली. अंत्ययात्रेला तेवीस माणसं होती. मानकऱ्यांपैकी कुणी नव्हतं. बाळूही नव्हता.

त्याचं दुकान रविवारी चालू असतं. त्या रविवारी ते बंद होतं. दूध आलं नव्हतं म्हणून बंद ठेवलं, असं बाळू सांगतो. दूधवाल्याने सकाळी सहा वाजता नेहमीचं दूध त्याच्या हातात दिल्याचं मला सांगितलं.